संगीत नाटकासाठी डिजिटल मिक्सरवरचे सीन: काय साठवावे आणि काय मोकळे ठेवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या हौशी संस्थेचे संगीत नाटक आहे. बारा कॉर्डलेस हेअर माइक, ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि भाड्याने आणलेला बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर आहे. तालमीत तुम्ही प्रत्येक प्रवेशासाठी एक सीन, म्हणजे मिक्सरच्या सेटिंगचा एका बटणावर परत आणता येणारा नमुना, स्टोअर केला. प्रयोगाच्या दिवशी साऊंड चेकमध्ये सगळे गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती मोठा करून घ्यायचा ते) नव्याने लावले, पण नांदी संपून दुसरा सीन रिकॉल करताच (परत लावताच) ते गेन तालमीतल्या जागी परत गेले, ऑर्गनवादकाच्या मॉनिटरमधला (त्याला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधला) तबला नाहीसा झाला आणि विंगेत उभ्या असलेल्या नटाचे बोलणे प्रेक्षागृहात ऐकू आले. यापुढे सीन वापरणेच सोडावे आणि एकाच सेटिंगवर म्यूट ग्रुपच्या (अनेक माइक एकदम बंद-चालू करणाऱ्या) बटणांनी नाटक चालवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

सीन सोडू नका. बारा माइकांचे नाटक निव्वळ म्यूट बटणांवर चालवताना ऑपरेटरचे सगळे लक्ष बोटांकडे जाते आणि कान रंगमंचावर राहत नाहीत. तुमच्याकडे झालेला घोटाळा सीनमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती साठवल्यामुळे झाला. बहुतेक डिजिटल मिक्सर सीन स्टोअर करताना जवळजवळ संपूर्ण मिक्सरचा त्या क्षणाचा नमुना घेतात आणि तुम्ही वेगळे सांगितले नसेल, तर रिकॉल करताना तो संपूर्ण नमुना परत लावतात. म्हणून मी प्रत्येक नाटकासाठी एकच कसोटी लावतो: जे संहितेमुळे बदलते ते सीनमध्ये ठेवावे, आणि जे थिएटरमुळे, नटाच्या प्रकृतीमुळे किंवा वादकाच्या सोयीमुळे बदलते ते सीनच्या बाहेर ठेवावे. कोण केव्हा रंगमंचावर आहे हे संहिता ठरवते. नायिकेचा आवाज आज बसलेला आहे किंवा या सभागृहात खालचे स्वर घुमतात, हे संहितेला ठाऊक नसते. आणि तालमीत साठवलेल्या सीनलाही ते ठाऊक असू शकत नाही.

कोल्हापुरात ही कसोटी आज अधिकच महत्त्वाची झाली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि एकाच रंगमंचाचा अंदाज धरून नाटक बसवणाऱ्या अनेक संस्थांना वेगवेगळ्या सभागृहांत प्रयोग करावे लागले. शाहू स्मारक भवनाचे सभागृह, देवल क्लबचे रंगमंदिर, एखाद्या महाविद्यालयाचा हॉल, नंतर सांगली किंवा गडहिंग्लजचा दौरा: प्रत्येक ठिकाणी स्पीकरची जागा वेगळी, छताची उंची वेगळी, पहिल्या रांगेपासून रंगमंचाचे अंतर वेगळे. ज्या सीनमध्ये गेन आणि मुख्य आउटपुटचा इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारी सोय) साठवलेला आहे, तो सीन दुसऱ्या गावी गेल्यावर पहिल्या गावचे थिएटर सोबत घेऊन जातो.

आता एकेक गोष्ट पाहू. सर्वांत आधी माइकचा गेन, म्हणजे इनपुटवरचा हेड ॲम्प, सीनच्या बाहेर काढा. याला माझ्या मते नाटकात अपवाद नाही. एखाद्या प्रवेशात नट किंचाळतो आणि दुसऱ्यात कुजबुजतो म्हणून गेन सीनमध्ये हवा, असे काही जण म्हणतात. तसे करण्याऐवजी किंचाळण्याच्या प्रवेशावर गेन लावावा आणि कुजबुजीसाठी फेडर (आवाज वर-खाली करणारी सरकपट्टी) वर न्यावा, किंवा मिक्सरवर डिजिटल ट्रिमची, म्हणजे गेननंतर पातळी कमीजास्त करण्याची, वेगळी सोय असेल तर फक्त ती सीनमध्ये ठेवावी. स्टेज बॉक्सवरचा (रंगमंचाजवळ माइकच्या लाइन जोडतात त्या पेटीवरचा) गेन दोन मिक्सर मिळून वापरत असतील, तर एका मिक्सरच्या सीनने बदललेला गेन दुसऱ्याचीही घडी विस्कटतो, हे आणखी एक कारण आहे. फँटम पॉवरही (काही माइकांना लाइनमधूनच जाणारी वीज) बाहेर ठेवा, कारण प्रयोगाच्या मध्येच अठ्ठेचाळीस व्होल्ट बंद-चालू झाले तर स्पीकरमधून मोठा ठोका येतो. इनपुट पॅच (कोणते सॉकेट कोणत्या चॅनेलवर, ही जोडणी) बाहेर ठेवा, कारण प्रयोगापूर्वी खराब निघालेली लाइन तुम्ही दुसऱ्या सॉकेटवर घेतलेली असते आणि जुना पॅच लावणारा सीन तो माइक पुन्हा मेलेल्या लाइनवर नेऊन बसवतो. मुख्य आउटपुट, मॅट्रिक्स (स्पीकरांकडे जाणारी जादा आउटपुट) आणि त्यांवरचे ग्राफिक इक्वलायझर तर थिएटरचेच असतात. त्यांना कोणत्याही सीनने हात लावू नये.

मॉनिटरबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण संगीत नाटकात वादकांचे ऐकणे हा प्रयोगाचा कणा असतो. ऑर्गनवादक, तबलजी आणि व्हायोलिनवादक पहिल्या घंटेपासून भरतवाक्यापर्यंत एकाच जागी बसलेले असतात आणि त्यांना जे ऐकू यायला हवे ते प्रवेशागणिक बदलत नाही. साऊंड चेकमध्ये ऑर्गनवादकाने मागितलेला तबला तिसऱ्या प्रवेशात गायब झाला, तर तो लय शोधण्यासाठी हात थांबवतो आणि त्या क्षणी गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. वादकांच्या मॉनिटरला जाणारे सगळे बस सेंड (प्रत्येक चॅनेलचा त्या मॉनिटरकडे जाणारा वाटा) रिकॉल सेफमध्ये टाका, म्हणजे सीन त्यांना हात लावणार नाही. रंगमंचावरच्या साइड मॉनिटरमध्ये मात्र पदाच्या वेळी ऑर्गन वाढवावा लागतो आणि गद्य संवादाच्या वेळी उतरवावा लागतो, हे संहितेतून येते. म्हणून त्या एका बसचे सेंड सीनमध्ये ठेवायला हरकत नाही.

चॅनेलचा इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारी सोय) यांबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मोठ्या संगीतिकांत नट टोपी घालतो, दाढी लावतो, माइक कपाळावरून कानाजवळ जातो आणि त्यासाठी प्रवेशागणिक वेगळा इक्वलायझर साठवला जातो. तुमच्यासारख्या मांडणीत मी तो सीनच्या बाहेर ठेवण्याचाच सल्ला देईन. त्याचे कारण तुम्हाला रंगीत तालमीत लगेच जाणवेल. समजा सातव्या सीनवर असताना नायकाच्या माइकचा अडीच किलोहर्ट्झचा कर्कशपणा तुम्ही कमी केला. इक्वलायझर सीनमध्ये असेल, तर आठवा सीन लागताच तो कर्कशपणा परत येतो, तुम्ही तो पुन्हा काढता, नवव्यात पुन्हा येतो, आणि सगळी तालीम तेच एक काम पुन्हापुन्हा करण्यात जाते. इक्वलायझर बाहेर असेल, तर एकदा केलेली दुरुस्ती शेवटपर्यंत टिकते. एखाद्याच नटाला मुकुट किंवा फेट्यामुळे खरोखर दोन वेगळे आवाज लागत असतील, तर त्याचा माइक दोन चॅनेलवर घ्या, प्रत्येकाचा इक्वलायझर वेगळा ठेवा आणि सीनने फक्त यातला कोणता म्यूट आणि कोणता मोकळा एवढेच ठरवावे. बत्तीस चॅनेलच्या मिक्सरवर एवढी जागा असते.

मग सीनमध्ये उरते काय? सर्व नटांचे म्यूट, कोणता चॅनेल कोणत्या डीसीएवर (अनेक चॅनेलची पातळी एकदम हलवणाऱ्या फेडरवर) आहे याची नेमणूक, गाण्याचे रिव्हर्ब (घुमारा) सेंड आणि साइड मॉनिटरचे ते एक बस. यादी लहान दिसते, पण नाटकाचे बहुतेक काम एवढ्यावर होते.

म्यूट इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर आकड्यांत आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकची शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारी पातळी सुमारे ३ डेसिबलने घटते. बारा माइक उघडे ठेवले आणि रंगमंचावर तिघेच असले, तर तीनच माइक उघडे ठेवण्याच्या तुलनेत तुम्ही सुमारे ६ डेसिबल गमावता. आपल्याकडच्या लहान सभागृहांत स्पीकर नटांच्या जवळ असतात, तिथे हे ६ डेसिबल म्हणजे शेवटच्या रांगेला शब्द कळणे आणि न कळणे यातला फरक असतो. दुसरे कारण दोन नट जवळ आल्यावर कळते. नायक-नायिका हातभर अंतरावर उभे असताना नायिकेचा आवाज तिच्या माइकमध्ये आधी आणि नायकाच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोहोचतो. दोन मार्गांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर हा उशीर सुमारे १ मिलिसेकंदाचा असतो, आणि दोन्ही माइक सारख्याच पातळीवर उघडे असतील तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजात खड्डे पडतात. प्रेक्षकाला आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ लागतो आणि ऑपरेटर बिचारा इक्वलायझर फिरवत बसतो. अशा प्रवेशात जो बोलतो त्याचाच फेडर वर आणि दुसऱ्याचा थोडा खाली, हे हाताने करायचे काम आहे. सीनने ते दोघे दोन वेगळ्या डीसीएवर शेजारी आणून द्यावेत, म्हणजे दोन बोटांत तो संवाद चालवता येतो.

डीसीएची मांडणी शांतपणे बसून करण्यासारखी आहे. तुमच्या मिक्सरच्या तोडीच्या बेहरिंगर एक्स३२ सारख्या मिक्सरवर आठ डीसीए असतात, यामाहाच्या सीएल आणि क्यूएल मालिकेत सोळा. आठ असतील तर सातवा वादकांना आणि आठवा रिव्हर्बला कायमचा देऊन टाकावा आणि उरलेले सहा त्या त्या सीनमधल्या पात्रांना द्यावेत. नायक शक्यतो संपूर्ण नाटकात पहिल्याच डीसीएवर आणि नायिका दुसऱ्यावरच ठेवावी. हात सवयीने तिथेच जातो, हा एक फायदा. दुसरा असा की, एखादे पात्र खाली असलेल्या डीसीएवरून वर असलेल्या डीसीएवर सीनच्या क्षणी गेले, तर त्याचा आवाज अचानक उसळतो, आणि नेमणूक स्थिर ठेवली की हा धोका टळतो. चॅनेलचे फेडर साऊंड चेकमध्ये लावून सीनच्या बाहेर ठेवावेत. डीसीएचे फेडरही मी सीनमध्ये घेत नाही. ते ऑपरेटरच्या कानाचे काम आहे, आणि मोटर असलेला फेडर बोटाखालून पळून जाऊ लागला की चालू असलेला संवाद हमखास तुटतो.

आता तुमच्या विंगेतल्या नटाकडे येतो. वर मी गुणांची, म्हणजे म्यूट, सेंड अशा साठवायच्या सेटिंगची, यादी लहान ठेवायला सांगितले. चॅनेलची यादी मात्र लहान ठेवू नका. प्रत्येक सीनने बाराही नटांचे म्यूट स्पष्ट सांगितले पाहिजेत, ज्यांचे या प्रवेशात काही काम नाही त्यांचेसुद्धा. एक्स३२ वर सीनबरोबर स्निपेटची सोय आहे. स्निपेट म्हणजे निवडलेल्या चॅनेलचे निवडलेले गुण तेवढे साठवणारी छोटी फाइल, आणि नाटकासाठी ती फार उपयोगी आहे. पण अनेक जण स्निपेटमध्ये फक्त बदलणारे दोन चॅनेल घेतात. ओळीने पुढे जात असाल तोवर हे बरोबर चालते. मात्र एखादा नट संवाद विसरून दीड पान गाळतो, तुम्हाला बाराव्यावरून थेट चौदाव्यावर जावे लागते, आणि तेराव्यात बंद व्हायचा होता तो माइक उघडाच राहतो. सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवाव्यात तसे प्रत्येक सीनमध्ये सगळे म्यूट बांधून ठेवलेले असतील, तर कुठूनही कुठेही उडी मारली तरी रंगमंच बरोबर सापडतो.

हे सगळे बाहेर ठेवायचे कसे, ते मिक्सरप्रमाणे बदलते. एक्स३२ आणि मिडास एम३२ वर सीनच्या पडद्यावरच सेफची पाने आहेत. तिथे हेड ॲम्प, इक्वलायझर, डायनॅमिक्स (कॉम्प्रेसर वगैरे), बस सेंड असे गुण एकदाच सेफ करता येतात आणि ते सगळ्या सीनना लागू होतात. यामाहा सीएल-क्यूएलवर रिकॉल सेफ सर्व सीनसाठी लागतो आणि फोकस (काय परत लागावे याची निवड) एकेका सीनसाठी. ॲलन अँड हीथच्या एसक्यूवर संपूर्ण शोसाठीचा फिल्टर, त्या त्या सीनचा फिल्टर आणि सेफ अशी तीन पातळ्यांची सोय आहे. डिजिकोवर सीनला स्नॅपशॉट म्हणतात आणि काय परत लागावे ते स्कोपमध्ये ठरते. कोणताही मिक्सर असो, सर्व शोला लागू होणारा अडसर आधी लावा आणि एकेका सीनचा अपवाद अगदी क्वचित ठेवा. वीस सीनना वीस वेगळे फोकस लावलेला शो मध्यरात्री तपासायला बसले की डोके चालेनासे होते.

सेफ लावल्यावर त्यावर विश्वास ठेवू नका, चाचणी घ्या. सभागृह रिकामे असताना ऑर्गनचा गेन आहे त्या जागेवरून थोडा हलवा, ऑर्गनवादकाच्या मॉनिटरमधला तबला थोडा वाढवा, नायकाच्या इक्वलायझरमध्ये एक ठळक खड्डा करा आणि हे तिन्ही आकडे कागदावर लिहा. मग पहिल्या सीनपासून शेवटच्यापर्यंत एकेक रिकॉल करा आणि नंतर शेवटून पहिल्यापर्यंत उलटे या. आकडे जागचे हलले नाहीत तर सेफ बरोबर आहेत. उलटे येणे यासाठी की, मागचा सीन काय मागे ठेवून जातो ते पुढे जाताना दिसत नाही. प्रत्येक सीनवर थांबून कोणते म्यूट दिवे लाल आहेत ते संहितेशी ताडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे आणि ते नटमंडळी मेकअपला बसली असताना होते.

रिव्हर्बची गोष्ट संगीत नाटकात स्वतंत्रपणे पाहावी लागते. सीन बदलताना रिव्हर्बचा प्रोग्रॅमच बदलला, तर आधीच्या स्वराची आस (रेंगाळणारा नाद) मध्येच तुटते, आणि डिलेची वेळ बदलली तर खरखर किंवा विचित्र स्वर ऐकू येतो. म्हणून दोन रिव्हर्ब कायमचे लावून ठेवा, एक संवादापुरता अगदी अल्प आणि एक पदांसाठी, आणि सीनने फक्त चॅनेलचा सेंड बदलावा. सेंड बंद झाला तरी आधी आत गेलेला आवाज आपल्या गतीने विरतो. पद सुरू होण्याचा क्षण जवळून पाहा. नायकाचे गद्य वाक्य संपते, ऑर्गनवर स्वर धरला जातो, तबलजी हातोडीने शेवटचा ठोका देऊन हात तबल्यावर ठेवतो. पदाचा सीन इथे, ऑर्गनच्या पहिल्या स्वरावर लागला पाहिजे. गायकाच्या पहिल्या आलापाची वाट पाहिलीत, तर आलापाची सुरुवात कोरडी आणि शेवट ओला असा फरक जाणकार श्रोत्याच्या कानाला लगेच लागतो.

पद संपल्यावरचा सीन तर आणखी जपून ठेवा. कोल्हापूरचा प्रेक्षक चांगल्या पदाला आजही ‘वन्स मोअर’ देतो, आणि तो द्यायचा की नाही हे मिक्सरला माहीत नसते. संवादाचा सीन पदाच्या शेवटच्या समेवर लिहू नका. टाळ्या ओसरून जे पहिले गद्य वाक्य येते, त्यावर लिहा. वन्स मोअर आला तर काहीच करायचे नसते, पदाचा सीन तसाच चालू असतो. याच कारणासाठी संगीत नाटकाचे सीन वेळेवर किंवा पार्श्वसंगीताच्या ट्रॅकवर आपोआप पुढे सरकवू नयेत. यामाहाच्या मोठ्या मिक्सरवर सीनला साठ सेकंदांपर्यंत फेड टाइम देता येतो. पार्श्वसंगीताचे चॅनेल हळूहळू उतरवायला तो सुरेख आहे. संवादाच्या माइकवर मात्र शून्यच ठेवा, कारण उघडत असलेल्या माइकमध्ये नटाचे पहिले दोन शब्द हरवतात.

सीन केव्हा दाबायचा याचा नियम साधा आहे. प्रवेश करणाऱ्या नटाचा माइक त्याच्या पहिल्या शब्दाच्या आधी, म्हणजे साधारण एक वाक्य आधी, उघडावा. बाहेर जाणाऱ्याचा तो विंगेआड गेल्यावर बंद करावा. दोन प्रवेश-प्रस्थाने काही सेकंदांच्या अंतराने असतील, तर दोन सीन करू नका. एका सीनमध्ये दोन्ही माइक उघडे ठेवा आणि फरक डीसीएने हाताने करा. अंधार झाला की सीन बदलायचा, अशी सवय लावून घेऊ नये. प्रकाशयोजना दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे प्रयोगागणिक थोडीफार बदलते, वाक्य मात्र बदलत नाही. मी मिक्सरशेजारी संहितेची छापील प्रत ठेवतो आणि ज्या शब्दावर सीन लागतो तो शब्द लाल पेन्सिलीने चौकटीत घालतो. समासात सीनचा क्रमांक आणि कोणकोणते माइक उघडतात त्यांची आद्याक्षरे असतात. मिक्सरवर बहुधा नावे रोमन लिपीतच टाइप करावी लागतात, म्हणून अंक, प्रवेश आणि पहिल्या बोलणाऱ्या पात्राचे नाव इतकेच लिहावे, संक्षेप करू नयेत. क्रमांक दहा-दहाच्या अंतराने द्या. काही मिक्सर मध्ये नवा सीन घुसवू देतात, पण घुसवल्यावर पुढचे क्रमांक सरकतात आणि समासातली सगळी पेन्सिल खोटी ठरते.

पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून वाजवत असाल आणि त्यावरूनच मिडीने (उपकरणांनी एकमेकांना आदेश पाठवण्याच्या पद्धतीने) सीन लावण्याचा विचार असेल, तर एक बारकावा लक्षात ठेवा. मिडीचा प्रोग्रॅम चेंज ० ते १२७ असे १२८ आकडे पाठवतो. काही सॉफ्टवेअर हे आकडे ० पासून दाखवतात आणि काही १ पासून, त्यामुळे लॅपटॉपवर दहा आणि मिक्सरवर अकरा असा एकाचा फरक पडू शकतो. तालमीत पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन सीन दोन्ही पडद्यांवर ताडून पाहा. संगीत नाटकात, वर सांगितलेल्या कारणाने, मी ही जोडणी शक्यतो टाळतो. गद्य नाटकात, जिथे ध्वनिपरिणाम आणि माइक एकाच शब्दावर बदलतात, तिथे ती फार सोयीची असते.

प्रयोग चालू असताना स्टोअरचे बटण हा सर्वांत मोठा धोका आहे. पुढचा सीन लावायच्या घाईत स्टोअर दाबले गेले, तर चालू स्थिती त्या सीनवर लिहिली जाते. स्टोअरला खात्री विचारणारी खिडकी चालू ठेवा, रिकॉलला ती बंद ठेवा, आणि ‘पुढचा’ व ‘मागचा’ हे दोन आदेश अशा दोन स्वतंत्र बटणांवर घ्या ज्यांच्या आसपास स्टोअर नाही. सीनला लिहिण्यापासून कुलूप लावण्याची सोय असेल, तर रंगीत तालमीनंतर ते लावून टाका.

मूळ स्थितीचा एक पूर्ण सीन, ज्यात गेन आणि पॅचसह सगळे आहे, जरूर असावा. नव्या गावी मिक्सर उघडल्यावर सुरुवात तिथून करायची असते. पण तो शोच्या यादीत इतर सीनच्या शेजारी ठेवू नका. वेगळी फाइल म्हणून पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे नाटक चालू असताना तो चुकून लागण्याचा प्रश्नच येत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा आणि एकाऐवजी दोन असावेत, एक तुमच्या खिशात आणि एक संस्थेच्या व्यवस्थापकाकडे. मिक्सर भाड्याचा असल्याने त्याची फर्मवेअर आवृत्ती आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या, कारण नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीवर उघडेलच याची खात्री नसते. मिक्सरच दुसऱ्या कंपनीचा मिळाला, तर फाइलचा सहसा उपयोग नाही. यामाहाच्या काही मालिकांत आपसांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर आहे, पण एका कंपनीची फाइल दुसरीच्या मिक्सरवर सहसा उघडत नाही. त्या दिवशी तुमची समासात लिहिलेली संहिता हीच खरी शो फाइल असते, आणि सीनमध्ये म्यूट, डीसीए, रिव्हर्ब आणि साइड मॉनिटरचे एक बस एवढेच असल्यामुळे त्यावरून नवा मिक्सर दुपारभरात बांधता येतो.

पावसाळ्यातल्या प्रयोगांसाठी मिक्सर आणि स्टेज बॉक्स दोन्ही यूपीएसवर घ्या. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंतचे काही क्षण डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला लावतात, आणि सुरू झाल्यावर तो कोणत्या स्थितीत उठेल हे तुमच्या मिक्सरवर आधी एकदा मुद्दाम, अर्थातच ॲम्प्लिफायर बंद ठेवून, करून पाहिलेले असावे. उठल्यावर चालू प्रवेशाचा सीन थेट क्रमांकाने लावायचा. सगळे म्यूट प्रत्येक सीनमध्ये असल्याचा फायदा इथेही मिळतो.

एका प्रकारच्या कार्यक्रमात मात्र मी वरचा सल्ला बराचसा उलटा देईन. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात किंवा नवरात्रातल्या मंचावर एकापाठोपाठ वेगवेगळे संघ येतात, त्याच लाइनवर आधी ढोलकी आणि नंतर गिटार लागते. तिथे प्रत्येक संघाचा साऊंड चेक हाच त्याचा सीन असतो. गेन, इक्वलायझर, मॉनिटर सगळे त्यात साठवावे आणि फक्त मुख्य आउटपुट, निवेदकाचा माइक आणि पार्श्वसंगीताची लाइन सेफमध्ये ठेवावी. निवेदकाचा माइक सेफ नसेल, तर त्याचे वाक्य अर्धवट असताना पुढच्या संघाचा सीन लागून तो गप्प होतो.

तुमच्या पुढच्या प्रयोगासाठी सध्याची शो फाइल दुरुस्त करत बसू नका. मूळ स्थिती एका नव्या फाइलमध्ये घ्या, आधी सेफ लावा, मग बाराही म्यूट आणि डीसीए घेऊन पहिल्या अंकाचे सीन संहिता समोर ठेवून लिहा आणि फक्त पहिल्या अंकाची एक तालीम माइकसह मागून घ्या. दिग्दर्शक पूर्ण नाटकाची तालीम सुचवतील, पण पहिला अंक दोनदा मिळाला तर जास्त उपयोग होतो: पहिल्या वेळी सीनच्या जागा सापडतात आणि दुसऱ्या वेळी हात मोकळे राहून डीसीएवर संवाद चालवण्याचा सराव होतो.